किनाऱ्याचे कोलाज : काय उचलावे, काय राहू द्यावे

- प्रतिनिधी

कोकणातून परतणाऱ्या पर्यटकांच्या सामानात मूठभर शिंपले नाहीत, असे सहसा होत नाही. त्या शिंपल्यांचे पुढे काय होते, हेही सर्वपरिचित आहे. काही दिवस ते काचेच्या बरणीत शोभा देतात, मग त्यांना वास येऊ लागतो आणि अखेर कुंडीतल्या मातीत त्यांची रवानगी होते. ज्यांना कलेची ओढ असते, ते हेच शिंपले पुठ्ठ्यावर चिकटवून, मागे निळा रंग देऊन त्यांचे चित्र करतात. परंतु दोन पावसाळे उलटले की अशा चित्राला ओल धरते, शिंपल्यांवर पांढरी भुकटी जमते आणि एकेक तुकडा गळून पडू लागतो.

समुद्रकिनाऱ्यावरून प्रेरणा घेऊन केलेले कोलाज किंवा मिश्र माध्यमातील चित्र हा आज शाळेच्या कलावर्गापासून कलादालनांपर्यंत रुळलेला प्रकार आहे. या कलेचे साहित्य फुकट मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक हे साहित्य जिवंत परिसंस्थेचा भाग असते आणि खाऱ्या पाण्यात घडलेले असते. त्यामुळे प्रत्येक वस्तूबाबत दोन प्रश्न उभे राहतात. ही वस्तू उचलावी का? आणि उचललीच, तर ती चित्रात टिकेल का? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला माहीत आहेत, त्याचेच किनाऱ्याचे चित्र अर्थपूर्ण होते आणि टिकतेही.

चिकटवण्याची परंपरा

‘कोलाज’ हा शब्द चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. पाब्लो पिकासो यांनी १९१२ मध्ये केलेले ‘स्टिल लाइफ विथ चेअर केनिंग’ हे आधुनिक कोलाजचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. वेताच्या विणीचे छापील चित्र असलेला मेणकापडाचा तुकडा त्यांनी चित्रात चिकटवला आणि लंबगोल चित्राभोवती चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राक यांनी लाकडाचा भास देणारा भिंतीचा कागद कोळशाच्या रेखाटनात वापरला. रंग, कागद, कापड, वाळू, लाकूड अशी भिन्न माध्यमे एकाच चित्रात नांदतात, तेव्हा त्याला मिश्र माध्यम म्हणतात.

समुद्रकिनारा या परंपरेत लवकरच दाखल झाला. आंद्रे मासाँ यांनी १९२६ मध्ये ‘बॅटल ऑफ फिशेस’ हे चित्र करताना कॅनव्हासवर गोंद पसरून त्यावर वाळू टाकली, न चिकटलेली वाळू झटकली आणि उरलेल्या आकारांतून झुंजणारे मासे शोधले. आयलीन एगर या ब्रिटिश चित्रकर्तीने किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तूंना आपल्या कलेचे मुख्य साहित्यच मानले. त्यांची १९३९ ची ‘मरीन ऑब्जेक्ट’ ही रचना लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

लोककलेत हा प्रकार त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अष्टकोनी लाकडी पेट्यांत रंगीबेरंगी शिंपल्यांची नक्षी भरलेल्या ‘सेलर्स व्हॅलेंटाइन’ नावाच्या भेटवस्तू युरोप-अमेरिकेत पोहोचत. दीर्घ सफरीत खलाशी त्या स्वतः घडवतात, अशी दीर्घकाळ समजूत होती. प्रत्यक्षात त्यातील बहुसंख्य पेट्या बार्बाडोस बेटावरील कारागिरांकडून विकत घेतलेल्या असत, असे पुढे दिसून आले.

भरतीची रेषा आणि कायद्याची रेषा

साहित्य गोळा करण्यासाठी ओहोटीची वेळ उत्तम. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीला तिनाने गुणून चाराने भागावे. येणारा आकडा ही भरतीची साधारण वेळ असते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, असा हा हिशेब होय. तो ढोबळ असल्याने खडकाळ किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहणे अगत्याचे आहे. लाटांनी सर्वात वर आणून टाकलेल्या कचऱ्याची जी ओळ किनाऱ्यावर दिसते, तिथेच कोलाजचे बहुतेक साहित्य सापडते.

मात्र या ओळीतले सारेच उचलण्याजोगे नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या २४ प्रजातींना संरक्षण देण्यात आले. नॉटिलस, महाकाय शिंपल्यांच्या काही जाती आणि गोवा-कोकणातील जुन्या घरांच्या खिडक्यांना तावदान म्हणून बसवला जाणारा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला यांचा त्यात समावेश होता. प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा वाळून पांढरा पडलेला तुकडा ‘मेलेलाच तर आहे’ म्हणून पिशवीत टाकणे हाही त्यामुळे गुन्हा ठरू शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या अनुसूचींची फेरमांडणी झाली. साहजिकच एखाद्या प्रजातीविषयी शंका असल्यास ती वस्तू जागेवरच ठेवणे हे सर्वात सुरक्षित. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथून काहीही उचलू नये.

कायद्याने मोकळीक असलेल्या साध्या शंखाचेही किनाऱ्यावर काम असते. संन्यासी खेकडा रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि शरीर वाढले की मोठ्या शंखाच्या शोधात निघतो. शिंपल्यांचा चुरा वाळूत मिसळून किनारा घडवतो. स्पेनमधील एका किनाऱ्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन दशकांत तेथील पर्यटक जवळपास पावणेतीनपट झाले आणि शिंपल्यांचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले, असे त्यात आढळले. एकट्यादुकट्याची मूठ लहान असते. हजारो मुठींचे तसे नसते.

स्वतःच्या सुरक्षिततेचाही विचार हवा. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख जिवंत असेल, तर त्यातील गोगलगाय विषारी दंश करते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून येणारे निळ्या फुग्यासारखे ‘ब्लू बॉटल’ मृतावस्थेतही दाह करतात. विसर्जनानंतर किनाऱ्यावर परतलेले मूर्तींचे अवशेष व निर्माल्य चित्रात वापरणे श्रद्धाळूंना दुखावणारे ठरते. त्यांना हात न लावणेच उचित.

स्वयंपाकघरातला किनारा

शिंपल्यांचा सर्वात निर्धोक साठा किनाऱ्यावर नसून स्वयंपाकघरात असतो. तिसऱ्या, खुबे, शिनाणे आणि कालवे यांची कवचे जेवणानंतर टाकूनच दिली जातात. ती उकळलेली असल्याने आतले मांस सुटलेले असते आणि किनाऱ्याचे काहीही हिरावले जात नाही. तिसऱ्यांच्या कवचावरील तपकिरी नक्षी, शिनाण्यांचा निळा-काळा रंग आणि कालवांचा खडबडीतपणा यातून एका चित्राला पुरेल इतके वैविध्य मिळते. माकुळाच्या पाठीतला पांढरा, हलका भाग, म्हणजेच समुद्रफेन, इतका मऊ असतो की नखानेही त्यावर रेघ ओढता येते. मोठ्या माशांचे खवले धुऊन, वाळवून, खाद्यरंगात बुडवले की त्यांचे पारदर्शक रंगीत तुकडे तयार होतात.

वस्तू तिथेच, ठसा घरी

किनाऱ्यावरची वस्तू न उचलता तिचा ठसा घेण्याच्या अनेक पद्धती आहेत. मिश्र माध्यमासाठी त्या विशेष उपयुक्त ठरतात, कारण ठशाचा कागद सपाट असतो, त्याला वास येत नाही आणि तो हवा तसा कापता येतो.

पहिली पद्धत घासचित्राची. खडबडीत पृष्ठभागावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल किंवा मेणखडू घासायचा. माक्स अर्न्स्ट यांच्या स्वतःच्या कथनानुसार, ऑगस्ट १९२५ मध्ये फ्रान्समधील समुद्रकाठच्या एका खानावळीत जमिनीच्या झिजलेल्या फळ्या पाहून त्यांना हे तंत्र सुचले. ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्या, जांभा दगड, सुरूच्या झाडाची साल यांचे घासचित्र कोणत्याही बंदरावर घेता येते.

दुसरी पद्धत सूर्यप्रकाशाची. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीने ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालाच्या निळ्या छापांचे पुस्तक भागाभागाने काढले. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. शंभर मिलिलिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम अमोनियम फेरिक सायट्रेट आणि तेवढ्याच पाण्यात दहा ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड अशी दोन द्रावणे वेगवेगळी करून ठेवावीत. वापरतेवेळी ती समप्रमाणात मिसळून मंद उजेडात कागदाला लावावीत आणि कागद अंधारात वाळवावा. त्यावर शैवाल किंवा जाळ्याचा तुकडा ठेवून दहा ते वीस मिनिटे ऊन द्यावे आणि मग साध्या पाण्याने धुवावे. ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो, झाकलेला भाग पांढरा राहतो. हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. हा निळा रंग साबण आणि चुना यांसारख्या अल्कधर्मी पदार्थांनी फिका पडतो. त्यामुळे छाप साबणाने धुऊ नये आणि शिंपल्यांचा चुरा त्यावर थेट पसरू नये.

तिसरी पद्धत जपानी कोळ्यांची. ‘ग्योताकू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात पकडलेल्या माशाला शाई लावून त्यावर पातळ कागद दाबतात. एकोणिसाव्या शतकात आपल्या शिकारीच्या आकाराची नोंद ठेवण्यासाठी हे ठसे घेतले जात. डोळा मात्र नंतर कुंचल्याने काढतात. चपट्या पापलेटाचा ठसा नवशिक्यालाही सहज जमतो. शाई खाण्यास निर्धोक नसेल, तर तो मासा पुन्हा ताटात येणार नाही, याची काळजी घ्यावी.

लाटांनी तोडून आणलेले समुद्रशैवाल प्रत्यक्षही वापरता येते. गोड्या पाण्याच्या परातीत ते तरंगत ठेवून खालून जाड कागद सरकवावा आणि अलगद उचलावा. वर मलमलचे कापड व टिपकागद ठेवून दाबाखाली वाळवावे. अनेक जातींमध्ये नैसर्गिक चिकटपणा असल्याने त्या गोंदाशिवाय कागदाला धरून राहतात.

मीठ, ओल आणि आम्ल

किनाऱ्याची चित्रे बिघडण्याचे पहिले कारण मीठ. समुद्री मीठ हवेतील बाष्प ओढून घेते. वाळू, लाकूड किंवा दोर न धुता वापरला, तर पावसाळ्यात चित्र आतून ओलावते आणि बुरशी धरते. म्हणून प्रत्येक वस्तू दोन ते तीन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि पाणी रोज बदलावे. वाळू पाच-सहा वेळा धुऊन, पसरून वाळवावी. वाहून आलेल्या लाकडात किडे असतात; ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात आठवडाभर ठेवावे.

दुसरे कारण आम्ल. शंख-शिंपले मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि आम्लाच्या संपर्कात ते झिजतात. शिंपले व्हिनेगरने चकचकीत करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने वरचा थरच विरघळतो. संग्रहालयांतील शिंपल्यांवर येणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे वर्णन इंग्लंडमधील संग्राहक बाईन यांनी १८९९ मध्ये केले आणि तिला ‘बाईनचा रोग’ हे नाव पडले. त्यांना तो जंतूंचा प्रादुर्भाव वाटला होता. हा रोग नसून रासायनिक क्रिया आहे, हे नंतर स्पष्ट झाले. लाकूड, प्लायवुड, भुशाचे बोर्ड व पुठ्ठा यांतून निघणारी आम्लाची वाफ बंद पेटीत साठते आणि शिंपल्यावर क्षार तयार होतात. ओलाव्याने ही क्रिया वेगाने होते. काचेच्या बंद चौकटीत शिंपले बसवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवे. मऊ ब्रश, पाणी आणि सौम्य साबण एवढी साधने शिंपल्याच्या स्वच्छतेस पुरेशी आहेत.

गोंद कोणता?

एकच गोंद सर्व वस्तूंना चालत नाही. घरोघरी फेविकॉल या नावाने परिचित असलेला पांढरा गोंद कागद, कापड आणि वाळूसाठी सोयीचा आहे. परंतु पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या अशा गोंदातून काळानुसार आम्लाची वाफ निघू शकते, म्हणून बंद पेटीतील शिंपल्यांसाठी ॲक्रिलिक जेल अधिक योग्य ठरते. जड वस्तूला दोन भाग मिसळून करावयाचा इपॉक्सी गोंद धरून ठेवतो. तो उन्हाने पिवळा पडतो, म्हणून वस्तूच्या मागेच लावावा. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण तो वास आम्लाचाच असतो. नायलॉनच्या जाळ्यांना बहुतेक गोंद नीट धरत नाहीत. ती सुई-दोऱ्याने कॅनव्हासला टाचावीत; हे टाकेही चित्राचा भाग होतात.

थरावर थर

पाया म्हणून जाड जलरंगाचा कागद, ताणलेला कॅनव्हास किंवा लाकडी फळी घेता येते. फळीला सर्व बाजूंनी ॲक्रिलिक प्रायमरचे दोन-तीन हात द्यावेत, म्हणजे आम्लाची वाफ कमी होते. आकाश, पाणी आणि किनारा यांचे ढोबळ रंगक्षेत्र आधी ठरवावे. मग कागदाचे थर द्यावेत. बोटीची तिकिटे, भरतीची वेळापत्रके, सायनोटाइप, घासचित्रे यांना इथे जागा असते. वृत्तपत्राचा कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. मजकूर हवाच असेल, तर त्याची आम्लरहित कागदावर प्रत काढून ती वापरावी.

त्यानंतर वाळू. रत्नागिरीत एकाच शहराच्या कुशीत ‘पांढरा समुद्र’ आणि ‘काळा समुद्र’ अशी नावे असलेले दोन किनारे आहेत. काळ्या वाळूचा रंग तिच्यातील इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे येतो. या दोन वाळूंच्या छटांतून रंगाशिवायही छायाप्रकाश साधता येतो आणि त्यासाठी दोन मुठी पुरतात. गोंद लावलेल्या भागावर वाळू चाळणीने पसरावी, दाबावी, पूर्ण वाळू द्यावी आणि उरलेली झटकावी.

वस्तू सर्वात शेवटी बसवाव्यात. नवशिके चित्रभर शिंपले समान अंतराने मांडतात आणि चित्राऐवजी नक्षीचे तबक तयार होते. किनाऱ्यावर वस्तू कधीही समान पसरत नाहीत. त्या भरतीच्या रेषेवर गर्दी करतात आणि उरलेली वाळू मोकळी सोडतात. हीच रिकामी जागा चित्रात राखली, तर मोजक्या पाच-सहा वस्तूही पुरेशा होतात. चिकटवण्यापूर्वी मांडणी एक दिवस तशीच ठेवून पाहावी. अखेरीस पातळ केलेल्या रंगाचा हात वस्तूंच्या कडांवरून फिरवला, की त्या पृष्ठभागाशी एकजीव होतात.

आजच्या किनाऱ्याचे साहित्य

आजच्या भरतीच्या रेषेवर शिंपल्यांइतकेच प्लास्टिक असते. तुटलेल्या जाळ्यांचे हिरवे-निळे धागे, थर्माकोलचे तुकडे, बाटल्यांची झाकणे, झिजून धुरकट झालेल्या काचा हे सारे उचलले, तर किनाऱ्याचे नुकसान न होता फायदाच होतो. गोव्यात वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ कलावंत झालेले सुबोध केरकर यांनी समुद्र हाच आपल्या कलेचा विषय मानला. शिंपले आणि वाळूच्या अनेक रचना त्यांनी किनाऱ्यावरच मांडल्या. पिळर्ण येथे २०१५ मध्ये त्यांनी ‘म्युझियम ऑफ गोवा’ सुरू केले. किनाऱ्यावर रचना करावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि वस्तू लाटांच्या स्वाधीन कराव्यात, हा मार्ग कोलाज करणाऱ्यालाही खुला आहे. ते छायाचित्र पुढे नव्या चित्राचा एक थर होऊ शकते.

प्लास्टिक वापरताना ते तापवून वाकवू नये. त्यातून घातक वायू निघतात. गंजलेले खिळे, साखळ्या शिंपल्यांपासून दूर ठेवाव्यात. ओल्या कागदावर रात्रभर ठेवल्यास त्यांचा तांबूस ठसा उमटतो. वस्तूपेक्षा हा ठसा चित्रात अधिक खुलतो.

पावसाळ्यातील निगा

तयार चित्र चौकटीत बसवताना काच आणि वस्तू यांत अंतर ठेवावे. मागील पुठ्ठा आम्लरहित असावा. पावसाच्या माऱ्याच्या बाहेरील भिंतीवर, स्वयंपाकघरात किंवा थेट उन्हात चित्र लावू नये. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये बुचाचे लहान तुकडे लावले की हवा खेळती राहते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर चित्र उतरवून पाहावे. शिंपल्यावर पांढरी भुकटी दिसताच तो मऊ ब्रशने झाडावा आणि चित्र कोरड्या, हवेशीर जागी हलवावे. सायनोटाइपचा निळा रंग उन्हाने उतरला असेल, तर काही दिवस अंधारात ठेवल्यावर तो बऱ्याच अंशी परत येतो.

किनाऱ्याचे कोलाज करण्यास मोठी सामग्री लागत नाही. जेवणातून उरलेली तिसऱ्यांची कवचे, होडीच्या फळीचे एक घासचित्र, जाळ्याचा टाकून दिलेला तुकडा आणि दोन मुठी धुतलेली वाळू एवढ्यावर पहिले चित्र उभे राहते. रिकामा शंख मात्र वाळूतच राहू द्यावा. त्याला भाडेकरू मिळण्याची शक्यता असते.